किती वेळा यावं लागेल?

लिहू की नको, असं दोन आठवडे चाललं होतं. आज लिहूनच टाकतो.

दोन वर्षांपूर्वी माझी झोप उडाली. पहाटे तीनला जाग, छातीत धडधड, छापलेली बातमी चुकली असेल ही भीती. ईसीजी नॉर्मल. आमचे डॉक्टर म्हणाले, "सौम्य आहे, लगेच गोळ्या नकोत. समुपदेशन घ्या."

जिल्ह्याच्या गावी गेलो. एसटीने जाऊन-येऊन तीन तास. समुपदेशक भले माणूस, पण सुरुवात थेट माझ्या लहानपणापासून. "किती वेळा यावं लागेल?" विचारलं, तर "आत्ताच सांगता येणार नाही." फी, भाडं, बुडालेला दिवस. चौथ्या वेळी गेलोच नाही. वर आपणच अर्धवट सोडलं ही टोचणी.

पुढे दुसरीकडे गेलो. तिथे मॅडमनी पहिल्याच भेटीत सांगितलं, सहा भेटी, मग बघू. दर वेळी घरचा अभ्यास. मन कधी खचतं ते वहीत लिहायचं, सोडून दिलेलं एकेक काम पुन्हा धरायचं. मी संध्याकाळी तळ्याकडे फिरायला लागलो. पाचव्या भेटीपर्यंत झोप परत आली.

पत्रकाराची खोड, म्हणून वाचत बसलो. गोव्यातल्या सरकारी प्राथमिक आरोग्य केंद्रांत विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी हेच करून पाहिलं. २०१७ ला 'लॅन्सेट'मध्ये आलं. समुपदेशक डॉक्टर नव्हते, प्रशिक्षण दिलेले स्थानिक लोक होते. भेटी सहा ते आठ. रुग्णांचं नैराश्य माझ्यापेक्षा कितीतरी जास्त. तरी नुसते नेहमीचे उपचार मिळालेल्यांपेक्षा त्यांना जास्त आराम पडला आणि तो वर्षभरानंतरही टिकला. लांबलचक उपचारांशी तुलना त्यात नव्हती, हेही सांगतो.

म्हणून लांबचे उपचार फुकट, असं मी म्हणत नाही. जुना आघात असेल, नैराश्य पुन्हा पुन्हा येत असेल, तर वेळ द्यावाच लागतो. पण सौम्य त्रासात आधी छोटी वाट दाखवा. नाही भागलं तर पुढची. आपल्याकडे बहुतेकांना पहिलीही मिळत नाही.

मागणी साधी आहे. तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात आठवड्यातून एक दिवस प्रशिक्षित समुपदेशक बसवा. आणि त्याने पहिल्याच दिवशी सांगावं, साधारण किती भेटी.

तोवर १४४१६ लक्षात ठेवा. सरकारची टेलि-मानस सेवा, फुकट, मराठीत बोलता येतं.

कुणाला पहाटे तीनला जाग येत असेल, तर इनबॉक्समध्ये लिहा. नाव कुठेही येणार नाही.