नावाचा अंमल

हैदराबाद संस्थानात हाली सिक्का चालत असे त्या काळी ‘रुपया’ हे नाव एकच असले, तरी सात हाली रुपयांची किंमत ब्रिटिश हिंदुस्थानातल्या सुमारे सहा कलदार रुपयांइतकी भरे. म्हणून नांदेडात हाली सिक्क्याच्या हिशेबाने लिहिलेले कर्जखत कलदार चालणाऱ्या सोलापूरच्या बाजारात नेऊन वाचले, तरी त्यातल्या रुपयाचा अर्थ खत लिहिले तेथल्या अंमलावरूनच लावावा लागे. हैदराबादच्या अमीरपेठेत, मैत्रीवनमच्या आसपासच्या शिकवणीवर्गांतून जावास्क्रिप्ट शिकविताना, मराठवाड्यातून आलेल्या मुलांपुढे व्हेरिएबलच्या स्कोपचा विषय निघाला म्हणजे मी हाच दाखला देतो. फंक्शनमध्ये एखादे नाव आले की त्याचा शोध प्रथम आतल्या कंसात, तेथे न सापडल्यास त्याला वेढणाऱ्या कंसात, आणि असा बाहेर बाहेर जात शेवटी ग्लोबल स्कोपपर्यंत होतो. फंक्शन कोठून बोलावले हे गौण, ते कोठे लिहिले एवढेच प्रमाण.

क्लोजरचा, म्हणजे भोवतालची व्हेरिएबले धरून ठेवणाऱ्या फंक्शनचा, उगम याच नियमात आहे. बाहेरचे फंक्शन आपले काम आटोपून गेले, तरी त्याच्या पोटी जन्मलेले आतले फंक्शन जिवंत असेपर्यंत त्याला लागणारी बाहेरची व्हेरिएबले नष्ट होत नाहीत, हे विद्यार्थ्यांना लवकर पटते. परंतु आतले फंक्शन व्हेरिएबलची तत्कालीन किंमत टिपून घेत नाही, तर साक्षात ते व्हेरिएबलच धरून ठेवते, हा त्यातला खरा मर्मभाग पुष्कळांच्या हातून निसटतो. पानावर तीन बटणे आहेत, ‘व्हार’ने घोषित केलेला ‘आय’ लूपमध्ये शून्यापासून दोनपर्यंत फिरवून प्रत्येक बटणाला ‘आय’ दाखविणारे फंक्शन जोडले आहे, अशी कल्पना करा. कोणतेही बटण दाबा, ३ हाच आकडा उमटतो. कारण तिन्ही फंक्शनांच्या वाट्याला ‘आय’ एकच आला, आणि बटण दाबले जाण्यापूर्वीच तो तिनावर पोहोचून लूप संपले होते. ‘व्हार’च्या जागी ‘लेट’ लिहिताच ०, १, २ असे निरनिराळे आकडे येतात, कारण आता प्रत्येक फेरीला नवा ‘आय’ मिळतो. क्लोजरच्या स्वभावात यत्किंचितही फरक पडलेला नसतो. फरक पडतो तो व्हेरिएबलांच्या संख्येत.

ही कल्पना जावास्क्रिप्टहून पुष्कळ जुनी. पीटर लँडिन यांनी १९६४ साली क्लोजरची संज्ञा रूढ केली, १९७५ मधील स्कीम भाषेने ती अंगीकारली, आणि १९९५ च्या मे महिन्यात ब्रेंडन आइक यांनी दहा दिवसांत जावास्क्रिप्टचा पहिला आराखडा उभा केला, तो स्कीमचा हा संस्कार घेऊनच. ‘लेट’ मात्र २०१५ च्या प्रमाणित आवृत्तीपर्यंत आले नव्हते, आणि मधल्या वीस वर्षांत लिहिलेला ‘व्हार’ आजही असंख्य दफ्तरांत कामाला जुंपलेला आहे. ज्याला नोकरीत पडून दुसऱ्याचा जुना कोड वाचावयाचा आहे, त्याला ‘व्हार’ची ओळख टाळता येणार नाही.

म्हणून नव्या विद्यार्थ्याला माझे आग्रहाचे सांगणे असे, की ‘लेट’चा आश्रय घेण्यापूर्वी ती तीन बटणे ‘व्हार’ने स्वहस्ते लिहावीत, आणि तिन्ही बटणे एकच आकडा का दाखवितात याचे उत्तर, पुस्तक न उघडता, शेजारी बसलेल्याला मराठीत समजावून द्यावे.