झबलं मागे, बाळ पुढे

आपली झबली, दुपटी, कुंच्या ही सगळी निजलेल्या बाळासाठी केलेली डिझाइन्स आहेत, आणि त्या कामाला ती झकासच आहेत. बंदांचं झबलं डोक्यातून घालावं लागत नाही, त्यामुळे मान न धरलेल्या बाळालाही ते सहज चढवता येतं. पण बाळ रांगायला लागलं की रिक्वायरमेंटच बदलते ना राव!

लांब झबलं किंवा फ्रॉक असला की पुढे टाकलेला गुडघा नेमका घेरावर पडतो, कापड ताणलं जातं आणि बाळ हनुवटीवर आपटतं. त्यात मालाडच्या आमच्या फ्लॅटमध्ये गुळगुळीत टाइल्स. मोज्यांचे पाय त्यावर सटकतात. उघडी पावलं हेच खरे ब्रेक, म्हणून घरात मोजे बंद.

नटराज मार्केटच्या बाजूला चक्कर मारली की इवल्याशा जीन्स मोह घालतात. खिसेसुद्धा असतात हो! (बाळ त्यात काय ठेवणार, देव जाणे.) पण त्यात गुडघा वाकत नाही. त्यापेक्षा होजिअरीची, बुडाला ऐसपैस, घोट्याशी रिब असलेली सुती पॅण्ट घ्यावी. शिवाय पावसाळ्यात मुंबईत काही वाळत नाही, तेव्हा दोन जाड पॅण्टींपेक्षा सहा पातळ बऱ्या. संध्याकाळी डासांसाठी पूर्ण लांबीची हवीच, डेंग्यू-मलेरियाचे दिवस असतात.

सगळीच बाळं रांगत नाहीत म्हणा. अमेरिकेच्या सीडीसीने २०२२ मध्ये वाढीच्या टप्प्यांच्या यादीतून रांगणं काढूनच टाकलं. काही बाळं बसून घसरतात. त्यांची पॅण्ट गुडघ्याला नाही, बुडाला विरते!

खरी वादावादी झाली ती नाड्या आणि मण्यांवरून. लहान मुलांच्या जॅकेटच्या टोपीच्या आणि गळ्याच्या नाड्या घसरगुंडीत वगैरे अडकून मुलं दगावली, म्हणून अमेरिकेत १९९६ साली त्याविरुद्ध मार्गदर्शक सूचना निघाल्या. आमच्याकडे घसरगुंडी नाही, पण पलंगाचा कोपरा आणि कपाटाचं हॅण्डल आहे. त्यामुळे कुंची फक्त मांडीवर असताना. काळ्या मण्यांच्या मनगट्यांना मी साफ नाही म्हटलं, कारण हात सदा तोंडात. दोरा तुटला तर मणी घशात जाणार. आई दोन दिवस घुश्शात होती.

तिसऱ्या दिवशी तिनं स्वतःची जुनी सुती साडी फाडली आणि सगळ्या पॅण्टींच्या गुडघ्यांना आतून दुहेरी तुकडे शिवले. बाहेरून ठिगळ दिसता कामा नये, हा तिचा आग्रह.