भाचीचा गृहपाठ

आमचे दाजी फोनवर बोलत नाहीत. काही सांगावयाचे असले म्हणजे दौंडहून उठून सरळ शिरूरला येतात. दोन्ही गावे पुणे जिल्ह्यातलीच. परंतु दौंडला मोठे जंक्शन आणि शिरूरच्या नशिबी आगगाडीचे दर्शनही नाही, त्यामुळे चौफुला, न्हावरे करीत एस. टी.चे धक्के खात यावे लागते. एवढा खटाटोप करून आलेला मनुष्य जे बोलेल ते महत्त्वाचेच असणार, अशी माझी समजूत होऊन बसली आहे.

गेल्या पावसाळ्यात ते असेच आले. बगलेत उशीच्या अभ्र्यात गुंडाळलेला एक मोठा चपटा जिन्नस होता. तो त्यांनी माझ्या टेबलावरील उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यावर ठेवला आणि गिरणीत बोलतात त्याच आवाजात म्हणाले, "हे पाहा. पोरगी पहाटे उठून पुण्याला जाते आणि हे काढते. दुसरे वर्ष संपले. पुढली फी भरायची की नाही ते तुम्ही सांगायचे. तुम्ही शिकलेले आहात."

"तिचे स्वतःचे काय म्हणणे?" मी विचारले.

"नको, चहा घेऊनच निघालो होतो," ते म्हणाले.

मी काय ते समजलो. विषय वाढविण्याची त्यांची इच्छा नव्हती! माझी बहीण नेहमी म्हणते की, अलीकडे दाजी फार हेकट झाले आहेत. आपल्या मनाविरुद्ध काही विचारले की उत्तर भलतेच देतात. जेवून दुपारच्या गाडीने ते परत गेले. अभ्रा मात्र घेऊन गेले.

माझी भाची पुण्यास चित्रकला शिकते, एवढेच मला ठाऊक होते. चित्रकला म्हणजे घाटावरचे देऊळ, डोक्यावर घागर घेतलेली स्त्री, फार तर एखादे फणस-केळ्यांचे ताट, अशी माझी कल्पना. पुठ्ठ्याची ती चोपडी उघडली आणि पहिल्याच पानावर एक नाक दिसले. नाकाखाली काहीच नव्हते. नाकावर चष्मा, चष्म्याच्या वर उगारलेले एक बोट आणि त्या बोटाच्या टोकाशी खडूचा एक ठिपका. खाली लिहिले होते, 'मामा : सात रेषांत.' मी त्या रेषा दोनदा मोजल्या. सातच होत्या. इतकी वर्षे वर्गासमोर उभा राहिल्यावर आपल्यातले एवढेच उरते, हे पाहून प्रथम राग आला. मग मी आरशासमोर जाऊन बोट उगारून पाहिले आणि राग गिळावा लागला.

पुढची पाने म्हणजे तिचा वर्गातला गृहपाठ होता. ही मुले त्याला 'सबमिशन' म्हणतात. विषय हास्यचित्रे व चित्रकथा. एका पानावर एकच वाटोळा चेहरा बारा वेळा काढलेला. डोळ्यांचे दोन ठिपके तेच, नाक तेच, फक्त भुवयांच्या दोन रेषा आणि तोंडाची एक रेषा हललेली. आणि तेवढ्यावर एक गृहस्थ संतापलेला, दुसरा ओशाळलेला, तिसरा उधारी मागावयास आलेला! हा खेळ दिसतो तितका पोरकट नाही. जिनीव्हातील रोडॉल्फ टॉपफर या शिक्षकाने १८४५ साली यावर एक निबंधच लिहिला होता. कशीही वेडीवाकडी तोंडे काढा, त्यांवर कसला ना कसला भाव उमटल्यावाचून राहत नाही. मग एकेक रेषा बदलून कोणत्या रेषेने काय बदलते ते पाहावे, असे त्याचे सांगणे. त्याच्या चित्रकथा गटेसारख्या महाकवीने आयुष्याच्या अखेरीस पाहिल्या आणि वाखाणल्या. मी अभ्यासक्रमातला गटे वाचलेला मनुष्य. टॉपफरशी ओळख मात्र फार उशिरा झाली.

नंतर आगगाडीतली रेखाटने. दौंड, पाटस, केडगाव, यवत, उरळी. स्टेशनागणिक माणसे बदललेली. उभ्याउभ्या झोपलेला पोऱ्या, कॅनच्या झाकणावर कोपर टेकलेला दूधवाला, चौथी सीट आपलीच आहे अशा निश्चयाने अर्ध्या वितीवर बसलेली एक बाई. गाडीच्या हादऱ्यांमुळे रेषा कापलेल्या, पण तोल कोठेही चुकलेला नाही. यांतच दोन चौकटींची एक चित्रकथा होती. पूर्वी मनमाडकडून पुण्यास जाणाऱ्या गाडीचे इंजिन दौंडास काढून दुसऱ्या टोकास जोडीत. ('कॉर्ड लाइन' झाल्यापासून पुष्कळ गाड्यांचा हा सोपस्कार वाचला आहे.) पहिल्या चौकटीत एक आजोबा, भांडून मिळविलेल्या जागेवर, गाडीच्या दिशेने तोंड करून राजासारखे बसलेले, दुसऱ्या चौकटीत आजोबा तसेच, ऐट तशीच, पण खिडकीतली झाडे उलट्या दिशेने पळताहेत. मी बालपणी दौंडास हे शेकडो वेळा पाहिले आहे. त्यावर हसता येते हे मात्र मला कधी सुचले नव्हते.

हसऱ्या चित्राकडे आपण प्रतिष्ठित माणसे जरा वरूनच पाहतो, हे कबूल केले पाहिजे. मला आठवते, आमच्या लहानपणी बालभारतीच्या गणिताच्या पुस्तकांत शि. द. फडणीसांची चित्रे असत. त्या चित्रांमुळे गणिताची भीती निम्म्याने कमी झाली. पण चित्रे काढणारा कोण, हे कोणा शिक्षकाने सांगितले नाही आणि आम्हीही विचारले नाही. पुढे कळले की, 'मोहिनी'च्या मुखपृष्ठावरचे ते प्रसिद्ध जोडपे, एकाच्या कपड्यांवर मांजरे आणि दुसऱ्याच्या कपड्यांवर उंदीर, हेही त्यांचेच. त्या चित्राखाली एक अक्षरही नाही आणि एका अक्षराची गरजही नाही. फडणीस जे. जे. कलाशाळेत शिकलेले. उलट आर. के. लक्ष्मण यांना त्याच शाळेने तरुणपणी प्रवेश नाकारला होता. ही गोष्ट दाजींना सांगावी असे एकदा मनात आले. पण असल्या गोष्टींचा भरवसा नाही. ज्यांना प्रवेश नाकारला आणि ते योग्यच झाले, त्यांच्या कथा कोणी सांगत नाही.

असा विचार करीत मी शेवटच्या पानाशी आलो. विषय लिहिला होता, 'संवादाचे फुगे व अक्षरांचा आकार.' चित्रकथेत पात्राच्या तोंडून निघणारे शब्द फुग्यात लिहितात. आवाज मोठा तर अक्षर मोठे, कुजबूज तर अक्षर बारीक, हा त्यातला संकेत. पानावर सहा चौकटी होत्या आणि सहाही चौकटींत दाजींची पिठाची गिरणी. पट्टा फिरतो आहे, डबे रांगेने लागले आहेत, दाजींच्या भुवया पिठाने पांढऱ्या झाल्या आहेत, कानावर पेन्सिल. पहिल्या चौकटीत गिऱ्हाइकाचा फुगा ठसठशीत अक्षरांचा : 'बाजरी आहे, जाड दळा!' दुसरीत माझ्या बहिणीचा फुगा, अक्षरे निम्मी. तिसरीत शेजाऱ्याचा, त्याहून बारीक. चौथीत अक्षरे मुंग्यांएवढी. दाजींचे फुगे मात्र प्रत्येक चौकटीत अधिकाधिक मोठे होत गेलेले, इतके की पाचवीत फुग्याने चौकटीची रेघच ओलांडली होती. आणि प्रत्येक ठिकाणी दाजी समोरच्याच्या डोळ्यांकडे न पाहता त्याच्या ओठांकडे पाहत होते. सहाव्या चौकटीत मोटर बंद, पट्टा स्तब्ध, गिरणीत कोणी नाही. दारात वेणी घातलेली एक मुलगी उभी. तिच्या तोंडातून निघालेला फुगा पुरा रिकामा. दाजी पाठमोरे.

मी पान मिटले. 'नको, चहा घेऊनच निघालो होतो.' हे शब्द एकाएकी निराळेच ऐकू येऊ लागले. फोन न करणे, दूरदर्शनसंचाचा घर दणाणून सोडणारा आवाज, वाढत्या वयाचा म्हणून आम्ही ठरवून टाकलेला तो हेकटपणा! वर्षानुवर्षे त्या पट्ट्याशेजारी उभा राहिलेला मनुष्य. त्याच्या घरी मी वर्षातून चार वेळा जेवतो आणि स्वभावचित्रण या विषयावर व्याख्याने देतो.

रविवारी मी दौंडास गेलो. भाची ओट्यावर बसली होती. मी तिला बाजूला घेऊन विचारले, "हे तुला कधीपासून माहीत?"

"मामा, मी आईला दोनदा सांगितले," ती म्हणाली. "आई म्हणाली, त्यांना हवे ते सगळे ऐकू येते."

"आणि त्यांना?"

"त्यांना कसे सांगणार? सांगितलेले ऐकू आले पाहिजे ना."

यात विनोद होता की नव्हता, ते तिच्या चेहऱ्यावरून कळेना. तिच्या त्या बारा चेहऱ्यांपैकी हा एकही नव्हता.

आम्ही दोघे गिरणीत गेलो. दाजींनी ते पान बहुधा पाहिलेच नव्हते. पहिल्या दोन-चार पानांतच त्यांना स्वतःच्या पांढऱ्या भुवया दिसल्या होत्या आणि चोपडी मिटली होती. मी सहा चौकटी त्यांच्यापुढे धरल्या. त्यांनी हात पुसले, चोपडी उजेडाकडे नेली. पहिल्या चौकटीवर हसले. बाजरीवाला त्यांनी बरोबर ओळखला. मग बोटाने एकेक फुगा दाखवीत पुढे गेले. चौथ्या चौकटीवर बोट थांबले. पुढे सरकावयास त्याला बराच वेळ लागला.

नंतर त्यांनी मोटर बंद केली. पट्टा फटफट करीत मंदावला आणि थांबला.

"हा रिकामा का?" शेवटच्या फुग्यावर बोट ठेवून त्यांनी मुलीला विचारले. ती काही बोलली नाही, त्यांच्याकडे पाहत राहिली. दाजींनी कानावरची पेन्सिल काढली, डब्यांवर वजन लिहावयाची ती बोथट पेन्सिल, आणि तिच्यापुढे धरली. तिने फुग्यात लिहिले, 'बाबा, जेवायला चला.'

दाजींनी ते वाचले. गिरणीला कुलूप लावले आणि आमच्यापुढे चालू लागले.

पुण्याच्या डॉक्टरांनी दोन्ही कानांना यंत्र सांगितले आहे. एक डावीकडचे तूर्त घेतले. उजवीकडचे दिवाळीनंतर, कारण मध्ये फी आली. ते पान भाचीने वर्गात दिले, त्यावर पेन्सिलीने लिहिलेला फुगा तसाच ठेवून. त्याला गुण किती मिळाले, ते तिला विचारावयाचे माझ्याकडून राहूनच गेले.