खानापूरची माती

बेळगावहून गोव्याकडे निघालेली माणसं खानापूरला फारशी थांबत नाहीत. लोंढ्याच्या रस्त्यावर, साधारण 26 किलोमीटरवरचं हे तालुक्याचं गाव. कणकुंबीला उगम पावलेली मलप्रभा इथे गावाला लागून वाहते. पण नदीइतकंच गावाचं नाव मातीसाठी. कौलं, विटा, माठ, पणत्या! आपल्या घरांत खानापूरचं काही ना काही असतंच.

खादी आणि ग्रामोद्योग आयोगाची कुंभारकाम शिकवणारी मध्यवर्ती संस्था याच गावात आहे. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत (स्थापना 1857) जॉर्ज टेरी यांनी 1870च्या दशकात मातीकामाची कार्यशाळा उभारली. ती नक्षीची, चकाकती भांडी दिवाणखान्यात शोभायची. खानापूरचं नातं मात्र स्वयंपाकघराशी.

आणि रोजच्या वापराचं भांडं घडवणंच अधिक अवघड. वाळताना आणि भाजताना माती जवळजवळ दहाव्या हिश्श्याने आकसते. म्हणून बरणी आणि झाकण एकाच मातीचं, एकाच वेळी करावं लागतं. कपाला कान जोडायचा तर दोन्हींची ओल सारखी हवी, नाहीतर सांधा चिरतो. किटलीच्या चोचीतून थेंब ओघळतो का, हे पाणी ओतल्यावरच कळतं. लाल माती 900 ते 1000 अंशांवर भाजली की तिच्यात बारीक छिद्रं राहतात. त्यातून पाणी पाझरतं, वाऱ्यावर उडतं आणि आतलं गार होतं. लोणच्याच्या बरणीला हा गुण चालत नाही. तिची माती वेगळी, भट्टी 1200 अंशांच्या वरची. तेव्हा शिकणाऱ्याला पहिला प्रश्न हाच पडायला हवा, की भांडं कशासाठी?

घरचा कुंभार हे सगळं जाणतो, कारणं मात्र सांगत बसत नाही. वर्गात कारणं कळतात. हात बसायला वर्षं लागतात. आपल्या कन्नड शेजाऱ्यांची म्हण आहे, ‘कुंबारनिगे वरुष, दोण्णेगे निमिष’. कुंभाराचं वर्षाचं काम, दांडक्याला एक क्षण पुरे. आपलं गाडगं त्यांची गडिगे, आपला कुंभार त्यांचा कुंबार. शब्द एकाच चाकावरून उतरल्यासारखे!

आज दांडकं कुणी उगारत नाही. स्टील आणि प्लास्टिकनेच ते काम केलं. संक्रांतीची सुगडी, नवरात्रीचा घट, उन्हाळ्याचा माठ, एवढ्यापुरताच कुंभार आपल्याला आठवतो, आणि तेव्हाही आपण घासाघीस करतो. मग त्याच्या मुलाने चाकावर का बसावं? शाळा विद्या जपेल; चूल पेटती ठेवायला गिऱ्हाईकच लागतं.

पुढच्या वेळी गोव्याला जाताना खानापुरात तासभर थांबा. माठ घेताना बोटाच्या पेराने वाजवून पाहा. खणखणीत वाजला तर भाजणी चांगली, बद्द वाजला तर कुठेतरी चीर आहे. गोरोबाकाकांनी थापटण्याने संतांचीही अशीच परीक्षा घेतली होती, असं सांगतात. माठ पक्का निघाला, की सांगितलेली किंमत द्या. सोबत एक दह्याचं गाडगंही घ्या, आणि ते माळ्यावर न टाकता रोज वापरा.