वास

व्हॅल्यू अ‍ॅडेड सर्व्हिसेस या तीन शब्दांच्या आद्याक्षरांचा उच्चार ऑफिसात सगळे 'व्हास' असा करत. आम्हा नाशिकच्या पोरांनी दोन दिवसांत त्याचा 'वास' करून टाकला. सकाळी गॅलरीचं शटर वर करतानाच कुणीतरी विचारायचं, "काल वासच्या किती आल्या?" म्हणजे तक्रारी. एका मोबाइल कंपनीत आधी काउंटरवर आणि मग बिलिंगमध्ये मी चौदा वर्षं काढली. कंपनीचं नाव सांगत नाही.

२०१०च्या उन्हाळ्यात काउंटरवर एक भाजीवाल्या मावशी आल्या. पदराच्या गाठीत पैसे, हातात रबरबँड लावलेला साधा बटणांचा फोन. "भाऊ, दहाचं रिचार्ज मारते आन् घरी जाईस्तोवर पैसं गायब. मी तं फोन निसता उचलते." मी नंबर टाकला आणि खातं उघडलं. तीन महिन्यांत चौसष्ट रुपये गेले होते, कधी पाच, कधी दोन. सेवेचं नाव 'रोजचं भविष्य'. शेजारच्या रकान्यात सेवा सुरू झाल्याची वेळ होती, पहाटे पाच वाजून बारा मिनिटं. त्यापुढे 'संमती' हा रकाना आणि त्यात एक इंग्रजी वाय. म्हणजे येस. मार्केट यार्डात क्रेट उचलता उचलता मावशींनी म्हणे आपलं भविष्य मागितलं होतं.

हा वाय आला कसा, हे मला पुढे बिलिंगमध्ये गेल्यावर नीट कळलं. कॉल संपला की उरलेला बॅलन्स दाखवणारा संदेश आपोआप पडद्यावर उगवायचा, आठवत असेल. त्याच वाटेने जाहिरातही यायची. इनबॉक्समध्ये ती सापडत नसे. पडद्यावर यायची आणि जायची. तिच्याखाली 'ओके'. साध्या फोनवर कीपॅडचं कुलूप उघडायला जे बटण दाबायचं, बहुधा त्याच बटणावर हे ओके बसलेलं असायचं. अंगठ्याला सवय कुलूप उघडायची. संदेश इंग्रजीत. बटण दाबलं की सेवा चालू. दुसरी वाट कॉलर ट्यूनची. कुणाला फोन लावला की "हे गाणं आपलं करण्यासाठी स्टार दाबा" असं ऐकू यायचं, आणि मांडीवरच्या पोराने कीपॅडवर हात मारला तरी काम व्हायचं. आमच्याकडे तक्रार घेऊन प्राध्यापक आले, एक सरकारी वकीलही आले. त्यामुळे "लोक अडाणी, वाचत नाहीत" हे मीटिंगमधलं पालुपद मला तेव्हाही पटलं नाही. वाचायला दिलं होतं कुठे?

कंपन्यांना ही गरज का पडली, याचं उत्तर २००९मध्ये आहे. त्या वर्षी सेकंदाला एक पैसा हा दर आला आणि बोलण्यातला नफा आटला. मग क्रिकेटचा स्कोअर, विनोद, भविष्य, भजनं आली. माल पुरवणारी कंपनी वेगळी, पैसे कापणारी आमची, वाटणी ठरलेली. सणावारी तर बोलायलाच नको. दिवाळीच्या दिवशी एसएमएसचा पॅक चालत नसे, प्रत्येक शुभेच्छेला पूर्ण दर लागे. आम्ही त्याला 'ब्लॅकआउट डे' म्हणायचो. लक्ष्मीपूजनाला ब्लॅकआउट!

पण खरी कारागिरी पुढेच होती. सेवेचे महिन्याचे तीस रुपये, आणि मावशींच्या खात्यात असायचे जेमतेम सात. सरळ हिशेब म्हणजे सेवा बंद व्हायला हवी. तसं होत नसे. यंत्रणा आधी तीस मागे, नाही मिळाले तर दहा, मग पाच, मग दोन, आणि जेवढे मिळतील तेवढ्या दिवसांची सेवा देई. काहीच नसेल तर तो नंबर 'पार्किंग'मध्ये जाई. बॅलन्स आला की पुन्हा प्रयत्न. दहाचं रिचार्ज घरी जाईपर्यंत संपायचं ते याच्यामुळे. मावशींचं निरीक्षण आमच्या मार्केटिंगच्या प्रेझेंटेशनपेक्षा अचूक होतं.

पोस्टपेडवाल्याला निदान बिल यायचं. त्यात एक ओळ तरी दिसायची. प्रीपेडवाल्याला कसला कागद? २०१२च्या नियमांनी त्यालाही मागच्या सहा महिन्यांतला तपशील मागायचा हक्क दिला, जास्तीत जास्त पन्नास रुपये भरून. पाच रुपये कुठे गेले ते शोधायला पन्नास मोजणारा माणूस मी तरी पाहिला नाही. सगळा धंदाच या हिशेबावर उभा होता.

दूरसंचार नियामक असलेली ट्राय गप्प बसली होती असं नाही. नको असलेली सेवा बंद करायला १५५२२३ हा फुकटचा क्रमांक आला. जुलै २०१३मध्ये दुहेरी संमतीचा आदेश निघाला: ग्राहकाने एकदा हो म्हटलं तरी दुसऱ्यांदा विचारायचं, आणि ते दुसरं विचारणं सेवा विकणाऱ्याच्या नव्हे, तिसऱ्याच कुणाच्या यंत्रणेतून व्हायला हवं. आमच्या मजल्यावर त्या दिवशी सुतक होतं. मला विचाराल तर एवढं कामाचं कलम त्या काळात दुसरं निघालं नाही, कारण त्याने संमतीच्या रकान्याची किल्ली दुकानदाराच्या हातातून काढून घेतली. न्यायालयाची वाट मात्र बराच काळ बंद होती. टेलिग्राफ कायद्यात लवादाची सोय आहे, म्हणून टेलिफोन बिलाचा वाद ग्राहक मंचाकडे नेता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २००९मध्ये म्हटलं होतं. ते दार उघडलं फेब्रुवारी २०२२मध्ये, त्याच न्यायालयाच्या दुसऱ्या निकालाने. तोवर भविष्य सांगणारे दुसऱ्या धंद्याला लागले होते.

मधल्या काळात स्मार्टफोन आले आणि बटण दाबायला माणसाचीही गरज उरली नाही. 'जोकर' नावाने ओळखली जाणारी अ‍ॅप्स फोनवर आलेला ओटीपी स्वतःच वाचायची आणि मालकाच्या नकळत त्याला सशुल्क सेवेचा वर्गणीदार करून टाकायची. गूगलने जानेवारी २०२०मध्ये सांगितलं की, अशी सुमारे १,७०० अ‍ॅप्स प्ले स्टोअरवरून हटवली आहेत.

आता वासचा मुक्काम यूपीआय ऑटोपेत आहे. या गणपतीत भाच्याचा फोन हातात आला. आरतीचं एक अ‍ॅप, 'फक्त एक रुपयात चाचणी'. त्याने ते दोन दिवसांत काढूनही टाकलं होतं, पण अ‍ॅप काढलं म्हणून मँडेट रद्द होत नाही. यूपीआयच्या अ‍ॅपात ऑटोपेचं पान उघडलं, तर दरमहा १९९ रुपये देण्याची त्याची परवानगी तिथे शाबूत. पैसे कापण्याच्या चोवीस तास आधी सूचना द्यायला हवी, हा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे आणि सूचना आलीही होती. ऑफर आणि ओटीपींच्या गर्दीत ती कुणी पाहिली नाही. पंधरा हजारांपर्यंतच्या हप्त्याला दर वेळी ओटीपीही लागत नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२३मध्ये तेरा फसव्या क्लृप्त्यांची यादी केली, तिच्यात वर्गणीचा सापळा आहे. म्हणजे आमच्या कारागिरीला सरकारदरबारी नाव मिळालं.

मावशींचं सांगायचं राहिलं. मी भविष्य बंद केलं, सुपरवायझरला गाठून परताव्याची परवानगी घेतली आणि चौसष्टचे चौसष्ट त्यांच्या खात्यात टाकले. तेव्हा ते सोपं नव्हतं, त्यामुळे मी स्वतःवर जरा खूश होतो. मावशींनी आशीर्वाद दिला, गाठ आवळली आणि पायऱ्या उतरल्या. एक गोष्ट मी पाहिली नव्हती. त्यांच्या नंबरवर आणखी एक सेवा पार्किंगमध्ये होती, कॉलर ट्यून, तीस रुपये. परतावा आला म्हणजे यंत्रणेच्या लेखी बॅलन्सच आला.

शेवटच्या पायरीवर फोन वाजला. मावशींनी तो उचलून डोळ्यांजवळ धरला, आणि मग मागे वळून काचेतून माझ्याकडे पाहिलं.