वसईहून बाबांना

वसई रोड, सोमवार रात्र

ती. बाबांस सा. न.

विरार लोकलने अंग आंबलंय, म्हणून थोडक्यात. आधी कळवा, थंडीचा बागेला चरका बसला का? इथे रात्री पंखा लागतो. खानावळीतली आमटी पाण्यासारखी होती. आईची कळण्याची भाकरी आणि भरीत सारखं आठवतंय. किल्ला पाहिला, चिमाजी अप्पांना नमस्कार केला.

इथले जुने मंत्री अण्णासाहेब वर्तक यांच्याविषयी एका कचेरीत विचारलं, तर कारकुनाने मान वर न करता "कॉलेजात जा" म्हणून वाटेला लावलं. फार राग आला. इथे 'वर्तक' म्हणजे 1971 चं कॉलेज. माणूस कुणाला आठवत नाही.

आगाशी, बुधवार

आज सुकेळी खाल्ली. राजेळी केळी पिकली की सोलायची आणि कित्येक दिवस उन्हात वाळवायची. रंग मधाचा, बोटांना चिकटते, पण एक खाल्ली की दुसरीला हात जातोच. महाग आहे, तरी आईसाठी घेतली. आपल्याकडे भाव पडला की घड बांधावर टाकतो, तेव्हा हे का सुचू नये?

अण्णासाहेब याच बागायती मुलखातले. गोविंद धर्माजी वर्तक, जन्म 1894. शेतीतून राजकारणात आले आणि 1946 मध्ये मुंबई प्रांताच्या बाळासाहेब खेर मंत्रिमंडळात मंत्री झाले. मोरारजी देसाई, वैकुंठभाई मेहता यांच्या शेजारी बसून त्यांनी स्थानिक स्वराज्य खातं सांभाळलं. विहीर, गटार, रस्ता, दिवा ही त्या खात्याची कामं. ती शेतकऱ्याच्या हाती गेली हे मला फार योग्य वाटतं. 1948 मध्ये मुंबई महापालिकेची निवडणूक पहिल्यांदा प्रौढ मतदानाने झाली, तीही याच मंत्रिमंडळाच्या काळात. 1953 मध्ये अण्णासाहेब गेले. मुलगा भाऊसाहेबही पुढे मंत्री झाले.

विरार, गुरुवार

झोप नाही, बाहेर रात्रभर बांधकाम. वाड्या होत्या तिथे आता इमारती. 2009 मध्ये वसई-विरार महापालिका झाली तेव्हा चार नगरपरिषदांबरोबर 53 ग्रामपंचायती तिच्यात गेल्या. गावकऱ्यांनी आंदोलनं केली, तरी गेल्याच. स्थानिक स्वराज्याच्या मंत्र्याच्या तालुक्यात हे व्हावं याचं वाईट वाटलं.

आपली ग्रामपंचायत अजून आपली आहे. भाऊबंदकीपायी तुम्ही ग्रामसभा सोडलीत. बाबा, 26 जानेवारीला जा, आणि पाण्याचा प्रश्न तुम्हीच मांडा.

तुमचा,
बाळू