बेटावरचे साडेचार तास

प्रवासापेक्षा प्रवासाच्या बेतातच अधिक सुख मानणारा एक पंथ आहे, आणि आमच्या अर्धापुरात त्याचे अनुयायी थोडेथोडके नाहीत. माहूरगडाला जायचे तरी आमच्याकडे आठ दिवस आधीपासून ओट्यावर बैठका भरतात. दशम्या किती, वळकट्या किती, गाडीत खिडकीजवळ कोण, यावर पानसुपारीच्या साक्षीने खल होतो. मग २०१८ सालच्या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही अकरा माणसे लक्षद्वीपला निघालो, त्या बेताला तीन महिनेही अपुरे पडले, यात नवल ते काय!

अकरा माणसे म्हणजे माझी आई, मी, माझी पत्नी, लातूरची थोरली बहीण, तिची दोन कॉलेजातली मुले आणि गल्लीतली पाच शेजारी मंडळी. शेजाऱ्यांत प्रमुख आमचे केळीवाले काका. अर्धापूरची केळी दूरदूरच्या बाजारांत जातात. पण काका स्वतः नांदेडच्या पलीकडे फारसे गेले नव्हते. त्या वर्षी घडाला भाव बरा मिळाला आणि त्यांनी जाहीर केले, "गुरुजी, यंदा समुद्र बघायचा. पण नुसता काठावरून नाही. मधोमध जाऊन!"

मधोमध जाऊन समुद्र पाहायचा तर कोचीहून सुटणारी लक्षद्वीपची आगबोट आम्हाला सोयीची वाटली. रात्री बोटीवर झोपायचे, दिवसा एकेका बेटावर उतरायचे आणि संध्याकाळी पुन्हा बोटीवर यायचे. अशी तीन बेटे. मात्र तिथे मनाला येईल तेव्हा जाता येत नाही. बेटांवर पाय ठेवायला परवाना लागतो, आणि परवान्याच्या अर्जासोबत आम्हाला पोलीस ठाण्याचा दाखलाही जोडावा लागला. बहात्तर वर्षांच्या माझ्या आईविरुद्ध गुन्ह्याची नोंद नाही, असा कागद मी ठाण्यातून आणला. तो वाचून दाखवल्यावर ती म्हणाली, "इतकी वर्षं झाली, पण हे असं कुणी लिहून दिलं नव्हतं. नीट ठेव."

तिन्ही बेटांपैकी कवरत्तीच्या दिवसाची आखणी माझ्याकडे आली. शिक्षकाने वेळापत्रक करावे हा समाजाचा जुनाच समज आहे. कवरत्ती हे लक्षद्वीपच्या राजधानीचे बेट. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हा केंद्रशासित प्रदेश झाला, तरी पुढे काही वर्षे त्याचा कारभार कोझिकोडहून चाले. कचेऱ्या कवरत्तीला आल्या त्या १९६४ साली. छत्तीस बेटे, त्यांतल्या दहांवर वस्ती, आणि साऱ्यांची जमीन मिळून बत्तीस चौरस किलोमीटर! कवरत्तीच्या वाट्याला त्यातली चारएक चौरस किलोमीटर येते. माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. त्या भूगोलात लक्षद्वीप म्हणजे नकाशाच्या डाव्या कोपऱ्यातले काही ठिपके होते, पेन्सिल टेकवताना उमटल्यासारखे.

आता वेळेचा हिशोब. आमच्या कागदावर सकाळी आठपासून दुपारी चारपर्यंत बेट, असे छापले होते. ऐकायला आठ तास. पण नांदेडचे एक गृहस्थ आधी जाऊन आले होते, त्यांनी डोळे उघडले. मोठी आगबोट खोल पाण्यातच थांबते. तिथून लहान होडीत उतरायचे, खडकांच्या कड्यातल्या वाटेने आतल्या उथळ पाण्यात शिरायचे, मग धक्का. जाण्याचा तास, परतण्याचा तास, जेवण, माणसे मोजणे आणि हरवलेली माणसे शोधणे हे सगळे वजा केले, तर हाती उरतात साडेचार तास. त्यातही अकरानंतरचे ऊन म्हाताऱ्या माणसांच्या उपयोगाचे नाही.

आणि यादी? ती ओट्यावर तयार झाली होती. काचेच्या तळाची होडी, मत्स्यालय, जुनी मशीद, खाऱ्याचे गोडे पाणी करणारा कारखाना, पोहणे, नाच, नारळाच्या वड्या, बाजार आणि "वेळ उरला तर" सगळ्या बेटाला फेरी. आपल्याकडे सहलीची यादी लग्नाच्या यादीसारखी असते: एक नाव लिहिले की त्याच्या मानाची आणखी चार येतात. मी काट मारू लागलो की कुणीतरी दुखावे. कॉलेजातल्या मुलांना पाण्यात डोके घालून मासे पाहायचे होते. शेजारच्या वहिनींना शंख आणि पोवळी गोळा करायची होती. पोवळे तोडणे आणि बाहेर नेणे तिथे गुन्हा आहे हे सांगितल्यावर त्यांनी माझ्याकडे असे पाहिले, की तो कायदा जणू मीच केला होता.

आई बैठकीत गप्प होती. शेवटी तिला विचारले, तुला काय पाहायचे? ती म्हणाली, "चहूकडं खारं पाणी. मग ती माणसं पितात काय? आड हाय का तिथं?"

प्रश्न साधा, पण तो विचारणारीचे निम्मे आयुष्य डोक्यावर चुंबळ ठेवून गेले होते. लग्नानंतरची वीस वर्षे ती पाणी शेंदत होती. आणि माझी लातूरची बहीण! एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला आगगाडीने पाणी आले, हे साऱ्या देशाने वर्तमानपत्रात वाचले. तिने घागरी मांडून, रांगेत उभे राहून पाहिले. आम्ही निघालो ते वर्षही मराठवाड्याला कोरडेच जात होते. काचेच्या होडीतले मासे सुंदर असतील, पण आमच्या घरातून निघालेला खरा प्रश्न हाच होता. मी यादी फाडली आणि नव्या कागदावर पहिली ओळ लिहिली: आड.

त्यासाठी वाचनालयात जाऊन थोडे वाचले. कवरत्तीवर नदी नाही, ओढा नाही. पोवळ्यांच्या चुऱ्याची सच्छिद्र जमीन. पाऊस पडला की थेट आत मुरतो. मुरलेले गोडे पाणी खालच्या खाऱ्यापेक्षा हलके, म्हणून ते त्याच्यावर तरंगत राहते. पाण्यावर तेलाचा तवंग राहावा तसे, पण मध्ये फुगीर, कडेला पातळ. पुस्तकी हिशोबाने समुद्राच्या पातळीवर गोड्या पाण्याची एक फूट उंची असेल, तर खाली चाळीस फूट. म्हणजे वरचे एक फूट उपसून घालवले, की खालून खारे तितक्याच पटीने वर चढते. मी हे शाळेत फळ्यावर काढून दाखवले, तेव्हा मागच्या बाकावरून एक पोरगा म्हणाला, "गुरुजी, मग तिथं बोअर मारून चालणार नाही!" त्याच्या बापाच्या शेतात दोन बोअर कोरड्या गेल्या होत्या.

कवरत्तीच्या सकाळी समुद्र शांत होता असे खलाशी म्हणत होते. त्यांचा शांत आणि आपला शांत यांत फरक आहे. बोटीच्या पोटातले दार उघडले. खाली होडी एकदा दाराच्या बरोबरीला येई, एकदा चार फूट खाली जाई. आईचे गुडघे मला माहीत होते. मी तिला म्हणालो, "तू बोटीवरच बस, मी बघून येतो आणि सांगतो." ती काही बोलली नाही. पदर कमरेला खोचला, दोन खलाशांच्या हातांत हात दिले आणि होडी वर आली त्या क्षणी पाय टाकला. आडाच्या काठावर ओल्या दगडावरून उतरणाऱ्या बाईला ती वेळ साधता येते, हे माझ्या ध्यानात यायला होडी निम्म्या वाटेवर जावी लागली. काका मात्र तिसऱ्या लाटेला उतरले, आणि तेही डोळे मिटून.

धक्क्यावर शहाळी देऊन स्वागत झाले. आमच्या वाटेला पंचविशीतला एक वाटाड्या आला. हिंदी तोडकेमोडके, हसू मोकळे. त्याने ठरलेला क्रम सांगायला सुरुवात केली. मी माझा कागद पुढे केला. त्याने वाचून घेतला, मला पुन्हा विचारले, "विहीर? कुणाच्याही घरची?" आणि मग मोठ्याने हसला. म्हणाला, आजवर सगळ्यांनी बाजार विचारला, विहीर कुणी विचारली नाही. तरुण मंडळींना त्याने दुसऱ्या टोळीबरोबर पाण्याकडे पाठवून दिले. ही विभागणी मी घरूनच ठरवून आलो होतो. सगळ्यांनी सगळे एकत्र पाहायचे, या हट्टाने किती सहली उन्हात वाळून गेल्या आहेत!

वाटाड्या आईला "उम्मा" म्हणू लागला. आईने दोनदा ऐकून घेतले, तिसऱ्यांदा म्हणाली, "बाळा, माझं नाव उमा नाही." उम्मा म्हणजे आई हे कळल्यावर तिने त्याच्या पाठीवरून हात फिरवला.

माडांच्या सावलीतून जाणारी पांढऱ्या वाळूची गल्ली, पोवळ्याच्या दगडांच्या बुटक्या भिंती, आणि एका घरामागे तो आड. आमच्याकडच्या आडात डोकावले की आपलाच आवाज परत येतो. इथे दहाएक फुटांवर पाणी, हात लांबवला तर लागेल असे वाटणारे. घरची बाई बाहेर आली. वाटाड्याने काही सांगितले. तिने बादली आईच्या हाती दिली. आईने पाणी शेंदले, ओंजळीत घेतले, जिभेवर ठेवले. "किंचित मचूळ हाय. पण हाय गोडं!" त्या बाईला मराठी येत नव्हते, आईला मल्याळम येत नव्हते, पण उन्हाळ्यात पाणी कसे होते, हे तिने हाताने खालून वर येणाऱ्या कशाची तरी खूण करून, तोंड वाकडे करून सांगितले, आणि आईने हात खाली खाली नेत, शेवटी रिकामी मूठ उघडून आपल्या गावचे सांगितले. दोघी हसल्या. वाटाड्या दुभाषेपणा करायला पुढे झाला होता, तो मागे सरकला.

काकांनी आपली भेट काढली. घरून निघताना त्यांनी कच्च्या केळ्यांच्या दोन फण्या घेतल्या होत्या. केरळ म्हणजे केळ्यांचा मुलूख, तिथून पुढे केळी नेण्याला आम्ही सगळे हसलो होतो. आता ती बरोबर पिकली होती. बेटावर नारळ आणि मासळी उदंड, पण भाजीपाला, फळे, धान्य बहुतेक जहाजानेच येते. बाईने एक फणी ठेवून घेतली, एक शेजारी पाठवली. काका पुढे दिवसभर त्या गोष्टीवर चालले.

तिथून कारखाना. २००५ साली चेन्नईच्या राष्ट्रीय महासागर तंत्रज्ञान संस्थेने तो उभारला. दिवसाला एक लाख लिटर गोडे पाणी, हा त्याचा आवाका. त्याची युक्ती मला फार आवडली. समुद्राच्या वरच्या थराचे पाणी कोमट, अठ्ठावीस अंशांच्या घरातले. साडेतीनशे मीटर खोलीचे पाणी बारा-तेरा अंशांचे. वरचे कोमट पाणी निर्वात केलेल्या टाकीत सोडले की त्याचा थोडा भाग न तापवताच वाफ होतो. त्या वाफेला खालून ओढलेल्या थंड पाण्याने निववले, की गोडे पाणी! मोठ्या समुद्राला किनारा लगेच खोल होतो म्हणून हे जमते. मुंबईच्या उथळ किनाऱ्यावर इतके खोल पाणी मिळवायला कुठवर जावे लागेल! नळाचे पाणी आईला चाखायला दिले. "अळणी," ती म्हणाली. पण लातूरच्या बहिणीने तांब्या भरून घेतला आणि सावकाश, शेवटच्या थेंबापर्यंत प्यायली. ती काही बोलली नाही, आणि मीही विचारले नाही.

दहा वाजले होते. उज्रा मशिदीचे कोरीव लाकूडकाम प्रसिद्ध आहे. बायकांनी डोक्यावर पदर घेतले, आम्ही ती बाहेरून पाहिली आणि पुढे झालो. काचेच्या होडीला पाऊण तास दिला. पोवळ्यांत पांढऱ्या पडलेल्या फांद्याही दिसल्या. १९९८ आणि २०१६ साली समुद्राचे पाणी तापले तेव्हा इथली पोवळी मोठ्या प्रमाणावर मेली, असे वाटाड्याने सांगितले. पोपटाच्या चोचीसारख्या तोंडाचा एक मासा मेलेली पोवळी खरवडतो, आणि आपण ज्या पांढऱ्या वाळूवर चालतो तिच्यातली बरीचशी त्याच्या पोटातून आलेली असते. हे ऐकून वहिनींनी पिशवीतली वाळूची पुडी हळूच परत ओतली. मत्स्यालय राहिले, बाजार राहिला. बेटाची फेरी तर राहणारच होती.

जेवणात मासळी होती, आमच्यासाठी भात, सांबार आणि नारळाची चटणी. आई सावलीत भिंतीला टेकून झोपली. वाटाड्या माझ्याजवळ बसला आणि त्याने मला विचारले, तुमच्याकडे पाणी किती खोल? मी म्हणालो, काही ठिकाणी चारशे फूट, काही ठिकाणी त्याहूनही खाली, आणि तरी नाही. तो बराच वेळ समुद्राकडे पाहत राहिला. इथे आम्ही पंप मोठा लावला तर विहीर बिघडते, म्हणाला, शेजाऱ्याचीसुद्धा.

पुढच्या उन्हाळ्यात आमच्या गल्लीत एका घरी बोअरची गाडी लागली. तीनशे फूट झाले तरी नुसती धूळ. आई उंबऱ्यावर बसून गाडीवाल्याला म्हणाली, "बास कर आता. अजून खाली गेलास तर खारं लागंल!" गाडीवाला बिचारा बुचकळ्यात पडला.

गेल्या वर्षी नांदेडच्या एका नातलगाने माझा तो कागद मागून नेला; त्यांनाही बेटावर एकच दिवस मिळणार होता. देताना मी त्यावरची काचेच्या होडीची वेळ दहाची आठ केली, कारण वारा नंतर वाढतो आणि पाणी गढूळ दिसते. म्हाताऱ्या माणसांसाठी पहिली होडी, ही ओळ तशीच ठेवली. आणि तळाला आईच्या सांगण्यावरून एक वाक्य वाढवले, की जाताना केळी न्यावीत, पण कच्ची.